कन्हानच्या पुलापासून वाडीच्या वर्कशॉपपर्यंत: फौजेची भरती, नोकरी आणि नंतरचा धंदा, टप्प्याटप्प्याने

माझं बालपण नागपूरजवळच्या कन्हानचं. पूल ओलांडला की कामठी, आणि कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर. बाबा पहाटेच भाजी घेऊन कामठीला निघत, मी सायकलच्या दांडीवर. छावणीच्या रस्त्याला लागलो की रंगरुटांची तुकडी पळत यायची. ती दिसायच्या आधी ऐकू यायची, कारण सगळ्यांचे बूट एकाच तालात पडायचे. नऊ वर्षांचा होतो तेव्हा बाबांना म्हटलं, मला यांच्यात जायचं आहे. बाबा म्हणाले, "जाशीन ना बाबू. पयले सातवी तं पास हो."

1998 मध्ये भरती झालो आणि त्याच सेंटरला ट्रेनिंग केलं. चोवीस वर्षं गार्ड्समध्ये, त्यातली बहुतेक बीएमपी या चिलखती गाडीचा ड्रायव्हर म्हणून, राजस्थानच्या वाळूत आणि लडाखच्या थंडीत. 2022 मध्ये हवालदार म्हणून घरी आलो. आज नागपूरच्या वाडीत माझं हायड्रॉलिक होज पाइप (मशीनमधल्या तेलाच्या दाबाच्या रबरी नळ्या) बनवायचं आणि जॅक दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. जेसीबी, पोकलेन, टिप्पर, एमआयडीसीतले प्रेस, ज्याचा पाइप फुटला तो आमच्याकडे येतो.

दुकानात दोन तऱ्हेची माणसं सल्ला विचारायला येतात. एक, सोळा-सतरा वर्षांची पोरं: "काकाजी, मले फौजेत जायचं हाय, काय करू?" दुसरे, नुकतेच पेन्शनवर आलेले माझ्यासारखे: "धंदा टाकावा म्हणतो, कसा टाकू?" दोघांनाही मला एकच गोष्ट सांगावी लागते. पुढच्या टप्प्याची तयारी मागच्या टप्प्यातच करावी लागते. भरतीची तयारी शाळेत, धंद्याची तयारी वर्दीत. मी पहिली वेळेवर केली, दुसरी उशिरा, आणि त्याची किंमत मोजली. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

शाळेत असताना: आधी कागद, मग पळणं

पोरं पळायला सुरुवात करतात आणि कागद शेवटच्या आठवड्यात शोधतात. उलटं करा. भरतीत मैदान मारलेली पोरं कागदावर अडकून परत येताना मी पाहिली आहेत.

आपल्याकडे दहावीच्या सनदेवर आडनाव आधी छापलेलं असतं, आधारवर ते शेवटी असतं. सनदेवर वडिलांचं नाव पूर्ण, आधारवर घरात हाक मारतात तसं. कुठे "राव" गळलेलं, कुठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. जन्मतारखेत फरक असेल तर आणखी कठीण. सनद हा मूळ कागद धरा आणि आधार तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. दहावीचा निकाल लागला की त्याच महिन्यात हे काम संपवा. अधिवासाचा दाखला आणि लागत असेल तर जातीचा दाखलाही तेव्हाच काढून ठेवा. चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला मात्र ताजाच लागतो, साधारण सहा महिन्यांच्या आतला, म्हणून ते दोन भरती मेळाव्याच्या आधी काढा.

शाळेत किंवा कॉलेजात एनसीसी असेल तर नाव घाला. "सी" सर्टिफिकेटला भरतीत वजन आहे, आणि परेड, नकाशा, रायफल यांची ओळख आधीच झाली की ट्रेनिंगचे पहिले आठवडे हलके जातात.

कुठल्या दाराने जायचं

अधिकारी व्हायचं असेल तर रस्ता लवकर सुरू होतो. सैनिकी शाळांत सहावी आणि नववीला अखिल भारतीय प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो. साताऱ्याची शाळा 1961 ची, देशातली पहिली, आणि विदर्भातल्या पोरांना आता चंद्रपूरजवळ विसापूरचीही आहे. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. 1977 पासून ती महाराष्ट्रातल्या मुलांना एनडीएसाठी, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, तयार करते. एनडीएची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते, 900 गुणांची: गणित 300, सामान्य क्षमता 600. त्यानंतर एसएसबीची, म्हणजे निवड मंडळाची, मुलाखत, तीही 900 गुणांची आणि पाच दिवस चालणारी. पोरगं आठवीत असतानाच गणित पक्कं करा. एनडीएचं दार बहुतेकांना गणितच बंद करतं.

जवान म्हणून जायचं असेल तर 2022 पासून बहुतेकांना अग्निवीर हाच रस्ता आहे. किमान वय साडेसतरा. वरची मर्यादा, उंची आणि छातीची मापं त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघा, गल्लीतल्या कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. जनरल ड्यूटीसाठी दहावीला एकूण 45 टक्के आणि प्रत्येक विषयात 33 लागतात. अर्ज सैन्यभरतीच्या सरकारी संकेतस्थळावर भरायचा. आधी संगणकावर लेखी परीक्षा, ती पास झाली तरच मेळाव्याचं बोलावणं. आमच्या वेळी आधी मैदान होतं. आता आधी पुस्तक आहे, आणि नुसतं पळणाऱ्या पोरांना हा बदल अजून पचलेला नाही. रोज दोन तास सामान्य ज्ञान, विज्ञान आणि गणिताला द्या.

एक गोष्ट फार कळकळीने सांगतो. "आपली वर ओळख आहे, इतके दिले की काम होईल," असं म्हणणारा माणूस भेटला तर त्याच्या दारात उभे राहू नका. भरतीत त्याचं काहीही चालत नाही. पोरगा स्वतःच्या बळावर लागला तर तो पैसे ठेवून घेतो, नाही लागला तर फोन बंद करतो. त्यासाठी शेत गहाण ठेवलेली घरं माझ्या ओळखीत आहेत.

मैदान

1.6 किलोमीटर, म्हणजे चारशे मीटरच्या ट्रॅकचे चार फेरे. साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पूर्ण 60 गुण. बीमवर दहा पुलअपचे 40. त्यासोबत नऊ फुटांची खाई आणि झिगझॅग बॅलन्स, हे दोन फक्त पास व्हायचे.

सरावात 5 मिनिटं 10 सेकंद गाठा, कारण मेळाव्यात मोठ्या घोळक्यात पळावं लागतं. सुरुवातीला ढकलाढकली होते, पहिल्या वळणावर बाहेरून जावं लागतं, त्यात दहा-पंधरा सेकंद जातात. 5:10 म्हणजे प्रत्येक फेरा साडेसत्त्याहत्तर सेकंदांचा. आठवड्यातून एक दिवस चारशे मीटरचे सहा फेरे याच वेगात, प्रत्येकानंतर दोन मिनिटं चालणं. दोन दिवस पाच किलोमीटर सावकाश, बोलता येईल इतक्याच वेगात. एक दिवस पूर्ण 1.6 घड्याळ लावून, आणि तेही आठ-दहा पोरांसोबत. एकट्याने पळणाऱ्याला घोळक्यात श्वास सांभाळता येत नाही. उरलेले दिवस पुलअप आणि पोटाचे व्यायाम. पुलअप येतच नसेल तर आधी नुसतं लोंबकळा, तीस सेकंद, मग मिनिट. मग पायाखाली दगड ठेवून वर जा आणि सावकाश खाली या.

एप्रिल-मेमध्ये नागपुरात सूर्य उगवायच्या आधी मैदान सोडा. सात वाजता पळून आलेलं पोरगं ताप काढत बसतं आणि पुढचे पाच दिवस जातात.

मेडिकलची तपासणी मेळाव्याआधीच ओळखीच्या डॉक्टरकडून करून घ्या: गुडघे एकमेकांना लागतात का, तळपाय सपाट आहे का, पायाच्या शिरा फुगल्या आहेत का, नजर, नाकाचं हाड, कानातला मळ. मळासारखी साधी गोष्ट आधी साफ करता येते. हातावर नवीन गोंदण अजिबात काढू नका, त्याचे नियम कडक आहेत.

वर्दीत असताना

नोकरीबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. इथे फक्त पुढे कामी येतं तेवढं.

पहिलं, पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटच्या दप्तरातली अधिकृत नोंद. लग्न झालं, मूल झालं, की त्याची नोंद पार्ट टू ऑर्डरने होते, आणि पुढे पेन्शन, ईसीएचएस (माजी सैनिकांची इलाजाची योजना), कुटुंब निवृत्तिवेतन सगळं त्या एका नोंदीवर उभं राहतं. आपल्याकडे लग्नात बायकोचं नाव बदलायची पद्धत. माझ्या नोंदीत तिचं माहेरचं नाव गेलं, आधारवर सासरचं. सुट्टीवर असताना वीस मिनिटांत प्रतिज्ञापत्र करून पाठवलं असतं तर संपलं असतं. मी "नंतर बघू" म्हणत राहिलो आणि घरी आल्यावर ती दुरुस्ती व्हायला अकरा महिने लागले. तेवढे दिवस तिचं ईसीएचएस कार्ड नव्हतं आणि तिच्या गुडघ्यांचा इलाज खिशातून झाला.

दुसरं, हाताला हुन्नर. बीएमपीच्या ड्रायव्हरला रोज फर्स्ट पॅरेड आणि लास्ट पॅरेड करावी लागते. निघण्याआधी आणि परत आल्यावर तेल, पाणी, पट्टा, नळ्या, नटबोल्ट, सगळं हाताने तपासायचं आणि वहीत लिहायचं. लडाखच्या थंडीत रबरी सील कडक होऊन तेल झिरपायला लागतं, हे मी पुस्तकात वाचलं नाही, उणे तापमानात उघड्या बोटांनी शिकलो. त्या वेळी ती फक्त ड्यूटी होती. आज माझं पोट तिच्यावर आहे. तुमच्या ट्रेडमध्ये असं काय आहे ज्याला बाहेर माणसं पैसे देतात, याची यादी नोकरीतच करा आणि त्याचं सर्टिफिकेट मिळत असेल तर सोडू नका.

तिसरं, शेवटची दोन वर्षं. पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स याच काळात करता येतात. मी तेव्हा सोपा कोर्स घेतला, घराजवळ राहता येईल म्हणून. तुम्ही तसं करू नका. आपल्याला पुढे जे करायचं आहे त्याचाच कोर्स मागा, तो दूर असला तरी.

अग्निवीरांना हे सगळं पहिल्या दिवसापासून लागू आहे. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के जणांना पुढे घेतात. बाकीचे सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी घेऊन घरी येतात. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस नाही. म्हणजे बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी हातात बऱ्यापैकी भांडवल, शरीर घट्ट आणि पुढे सगळं आयुष्य. दहावीवर गेलेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडून बारावीचं प्रमाणपत्र मिळायची सोय आहे, ते पदरात पाडून घ्या. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत राखीव जागा आहेत, त्यांच्या जाहिरातींवर तिसऱ्या वर्षापासूनच नजर ठेवा.

घरी आल्यावर पहिले सहा महिने

ग्रॅच्युइटी, कम्युटेशन (विकलेल्या पेन्शनचे पैसे), आर्मी ग्रुप इन्शुरन्स, एएफपीपी फंड (आपला भविष्य निर्वाह निधी), शिल्लक रजेचा पगार. आयुष्यात कधी पाहिला नाही एवढा आकडा एकदम पासबुकात येतो, आणि गावाला तो आपल्या आधी कळतो.

माझ्याकडे चौथ्या आठवड्यात नात्यातला एकजण दलाल घेऊन आला. आउटरला लेआउट, स्वस्तात प्लॉट, सहा महिन्यांत दुप्पट. मी चार लाख बयाणा दिला. आरएल लेटर (प्लॉट अधिकृत असल्याचं पत्र) आहे का, लेआउटला एनएमआरडीएची, म्हणजे नागपूर महानगर प्राधिकरणाची, मंजुरी आहे का, सातबारा कोणाच्या नावावर आहे, यातलं एकही विचारलं नाही, कारण घरचा माणूस सोबत होता. मंजुरी नव्हतीच. तीन वर्षं मागे लागून दोन लाख परत मिळाले.

म्हणून हा टप्पा मी ठामपणे सांगतो: सहा महिने त्या रकमेला हात लावायचा नाही. बँकेत किंवा पोस्टात मुदतीवर टाका. पन्नाशी ओलांडली असेल तर सैन्यातून निवृत्त झालेल्यांना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठीची वाट बघावी लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. कम्युटेशनमध्ये पेन्शनचा निम्म्यापर्यंत भाग विकता येतो आणि तो 15 वर्षांनी परत सुरू होतो, म्हणजे ती रक्कम बक्षीस नाही, आपलीच पुढची पेन्शन आहे.

या सहा महिन्यांत कागद पूर्ण करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी आणि ओळखपत्र, ईसीएचएस, कॅन्टीन कार्ड, स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवर लॉगिन आणि दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला. सरकारी नोकरीचा विचार असेल तर राज्याच्या भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे, आणि दहावी पास जवानाची 15 वर्षं सेवा झाली असेल तर गट क च्या पदांसाठी ती पदवीच्या बरोबरीची धरतात. नोकरी पत्करणं हा कमीपणा नाही. धंदा सगळ्यांनी करायलाच हवा असं माझं मुळीच म्हणणं नाही.

धंदा कोणता

आपल्याला सगळे सिक्युरिटी एजन्सी सुचवतात. करायची तर 2005 च्या खाजगी सुरक्षा कायद्याखाली परवाना लागतो. गार्डला 160 तासांचं ट्रेनिंग सक्तीचं आहे, माजी सैनिकाला ते कमी तासांचं चालतं. पण त्या धंद्यात दर महिन्याला पगार आधी वाटायचा आणि बिल नंतर मिळतं, म्हणजे तीन महिन्यांचे पगार स्वतःच्या खिशात हवेत. तेवढं बळ नसेल तर हात घालू नका. त्यापेक्षा महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळाकडे नाव नोंदवून काम घेतलेलं बरं.

मी वेगळं केलं. वाडीतल्या एका वर्कशॉपमध्ये चार महिने हेल्पर म्हणून राहिलो, महिना नऊ हजारांवर. मिस्त्री बावीस वर्षांचा पोरगा, मी बेचाळीसचा. त्याने मला झाडू मारायला लावला, पाने पुसायला लावले, आणि जे शिकवलं ते कुठल्या कोर्समध्ये मिळालं नसतं.

होज कापला की आतमध्ये रबराची भुकटी राहते. ती डोळ्याला दिसत नाही. तशीच फिटिंग दाबून गाडीला लावली तर ती व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते आणि दोन हजारांच्या पाइपापायी गिऱ्हाइकाचा साठ हजारांचा व्हॉल्व्ह जातो. म्हणून कापल्यावर आधी हवा मारून, फोमचा बोळा आरपार सोडून नळी साफ करायची, मगच फिटिंग. क्रिम्प झाल्यावर, म्हणजे मशीनने फिटिंग नळीवर दाबल्यावर, फेरूलचा (वरच्या धातूच्या कड्याचा) व्यास व्हर्नियरने मोजायचा. जरा कमी दाबला तर नळी प्रेशरला निसटते, जास्त दाबला तर आतली तार तुटते. तिसरी गोष्ट त्याने नाही, नागपूरच्या मे महिन्याने शिकवली. टिनाच्या शेडमध्ये वरच्या रॅकवर ठेवलेलं रबर न वापरताच म्हातारं होतं. माझा सगळा होज आता खालच्या रॅकवर असतो, आणि त्याच्यावर छापलेली तारीख बघून जुना माल आधी निघतो.

आवडलेल्या धंद्यात दुसऱ्याच्या दुकानात चार महिने काढा. चार महिन्यांनी तुम्हाला माल कुठून येतो, गिऱ्हाईक कोण, पैसे कोण बुडवतो, सगळं माहीत असतं. आणि तो धंदा आपला नाही असं कळलं तर फक्त चार महिने गेले, चार लाख नाही.

भांडवल आणि कागद

क्रिम्पिंग मशीन, कटर, कॉम्प्रेसर, पहिला माल आणि जागेचं डिपॉझिट, मला 6 लाख 80 हजार लागले. घरात पैसे असूनही मी कर्ज घेतलं, कारण खेळतं भांडवल हाताशी ठेवायचं होतं.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात माजी सैनिक विशेष प्रवर्गात येतात. मी अर्ज केला तेव्हा स्वतःचा वाटा 5 टक्के आणि अनुदान शहरात 25, ग्रामीण भागात 35 टक्के असं होतं. तुम्ही अर्जाच्या दिवशी चालू नियम बघून घ्या. अर्ज ऑनलाइन, छाननी, मग बँक, मग उद्योजकता प्रशिक्षण. अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकतं आणि धंदा खरोखर चालू आहे हे तपासल्यावरच कर्जात वळतं होतं. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा उद्योग केंद्रात एकदा प्रत्यक्ष जा. राज्याच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशीही तिथेच होते. प्रकल्प अहवाल तयार मिळतो तो छापील घेऊ नका. बँक मॅनेजर तुम्हाला त्यातलाच एक आकडा विचारतो आणि तुम्हाला उत्तर येत नाही.

उद्यम नोंदणी फुकट आहे, त्याचे पैसे कोणाला देऊ नका. नोंदणी करताना "ट्रेडिंग" लिहू नका, तुम्ही वस्तू बनवत असाल किंवा दुरुस्ती करत असाल तर तसंच लिहा. का, ते पुढे सांगतो. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर शॉप ॲक्टची फक्त ऑनलाइन सूचना पुरते. जीएसटी नुसत्या मालविक्रीला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीचा नाही, सेवेला ही मर्यादा 20 लाख आहे. तरी मी पहिल्याच महिन्यात घेतला, कारण हिंगण्याच्या आणि बुटीबोरीच्या कंपन्या जीएसटी बिलाशिवाय दारात घेत नाहीत.

उधारी

पहिल्या वर्षी माझं काम कधी बंद पडलं नाही. रात्री अकराला उमरेड रोडवर पोकलेन उभी राहिली तरी मी गाडी काढून जायचो. आणि मार्चमध्ये हिशेब केला तर 3 लाख 40 हजार लोकांकडे होते, मशीनचा हप्ता भरायला पेन्शन काढावी लागली.

फौजेत चोवीस वर्षं पगार पहिल्या तारखेला आपोआप आला. पैसे मागायची सवयच नव्हती. गिऱ्हाईक म्हणायचं, "फौजीभाऊ, पैसे कुठं पळून जाऊन राहिले का?" आणि मी गप्प बसायचो. शेवटी बायको म्हणाली, "तुम्ही एक तं हुकूम दिल्यासारखं बोलता, नाही तं बोलतच नाही. वही माह्याकडे द्या." चोवीस वर्षं तिने एकटीने घर चालवलं होतं, किराण्याची उधारी दोन्ही बाजूंनी तिला पाठ होती.

तिने तीन नियम घातले, तेच आजही चालतात. पहिल्या कामाला उधारी नाही, कोणीही असो. नंतर पंधरा दिवस, आणि आधीचं बिल चुकतं झाल्याशिवाय पुढचा पाइप दाबायचा नाही. दर मंगळवारी सकाळी सगळ्यांना फोन, आवाज न चढवता, बिल नंबर आणि रक्कम सांगून. बिल जितकं जुनं होतं तितकं माणूस टाळतो, असं ती म्हणते, आणि वहीत ते स्पष्ट दिसतं.

मोठ्या कंपन्यांसाठी कायद्याचा आधार आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होते. हा आधार बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला मिळतो, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. म्हणून ती "ट्रेडिंग" न लिहिण्याची गोष्ट. मी उद्यम क्रमांक बिलावर ठळक छापतो. आजवर तक्रार करावी लागली नाही, क्रमांक पाहूनच अकाउंटवाले तारीख पाळतात.

दुकानातून दर महिन्याला स्वतःला ठरलेला पगार घ्या आणि पेन्शनचं खातं वेगळं ठेवा. पेन्शन घराची, गल्ला दुकानाचा. ही दोन खाती एकत्र झाली की धंदा कमावतो आहे की खातो आहे, हेच कळत नाही.

आता दोन पोरं हाताखाली आहेत. त्यातला धाकटा कामठीचा, यंदा लेखी देतो आहे. पहाटे पळून येतो, नऊला शटर उघडतो. गेल्या सोमवारी त्याला सनद आणि आधार घेऊन यायला सांगितलं आणि दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले. वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं निघालं. त्याला त्याच दिवशी दुपारी सुट्टी देऊन आधार केंद्रावर पाठवला.